कौल नको, गाऱ्हाणे घाला: मूल आजारी असताना देव आणि दवाखाना कसे सांभाळावेत

बालरुग्ण विभागात २६ वर्षे परिचारिका म्हणून काम करताना किती मुलांच्या मनगटावरचे गंडे सोडवले, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. तान्ह्या बाळाच्या हातावर सलाईनसाठी शीर सापडते ती बहुधा नेमकी तिथेच, जिथे काळा पदरी दोरा, त्यात ओवलेला ताईत आणि हळदीने पिवळी पडलेली गाठ असते. नोकरीला नवी होते तेव्हा मी सरळ कात्री चालवत असे. एका रात्री असाच दोरा कापला, तो बाळाच्या आजीने जमिनीवरून उचलला, पदराच्या टोकाला बांधला आणि ती काहीही न बोलता खाटेच्या कडेला बसून राहिली. सकाळी पाहते तो खाट रिकामी. रात्रपाळीच्या डॉक्टरांपुढे सही करून घरच्यांनी मूल उचलून नेले होते. त्या मुलाचे पुढे काय झाले, ते मला कधीच कळले नाही.

त्यानंतर मी कात्री खिशातच ठेवू लागले. "आजी, ही गाठ तुम्हीच तुमच्या हाताने सोडा, दोरा बाळाच्या उशीखाली ठेवा, सुई निघाली की तुम्हीच पुन्हा बांधा," एवढे म्हटले की पुरते. या बोलण्याला नकार दिलेली आजी मला आजवर भेटलेली नाही.

पुढे जे लिहिते आहे ते तरुण आईवडिलांसाठी आहे, आणि विशेषतः त्या सुनांसाठी, ज्यांना मूल आपले असूनही ते दवाखान्यात कधी न्यायचे हे ठरवता येत नाही. मी स्वतः देव मानते. आमच्या घरी कुलदेवतेची पूजा चुकत नाही. त्यामुळे श्रद्धा सोडा असे मी कोणाला सांगणार नाही. माझ्या अनुभवात मुले श्रद्धेने दगावत नाहीत, ती उशिराने दगावतात. आणि हा उशीर आधी काय करायचे आणि नंतर काय, या क्रमाच्या चुकीतून होतो.

आधी घड्याळ

कोणत्याही विधीपूर्वी एक गोष्ट पाहायची: हे दुखणे थांबू देणारे आहे की नाही. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. मूल शांत असताना किंवा झोपलेले असताना त्याचा सदरा वर करा, मोबाईलमध्ये एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वरखाली होते ते मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. पूर्ण मिनिटच मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात असेल, तर मोजत बसण्याचीही गरज नाही, निघावे.

याशिवाय मूल अंगावर पीत नसेल, पाजलेले सगळे उलटून टाकत असेल, झटके येत असतील, किंवा हलवूनही नीट डोळे उघडत नसेल, तर त्या क्षणी घरातून बाहेर पडायचे. एका महिन्याच्या आतील बाळाच्या बाबतीत ताप जेवढा वाईट तेवढेच अंग गार पडणेही वाईट. "बाळ शांत झाले, अंगाऱ्याने गुण आला," असे समजून समाधानाने झोपलेले घर मी पाहिले आहे. ते बाळ शांत झाले नव्हते, त्याच्यात रडण्याची ताकद उरली नव्हती.

काविळीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्याकडे दोरे-गंडे सर्वांत जास्त चालतात ते काविळीवर. बहुतेक नवजात बाळे तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत थोडी पिवळी दिसतात आणि दोन आठवड्यांत आपोआप निवळतात. बाळाला दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी न्या, कपाळावर, मग छातीवर, मग तळपायावर बोट हलके दाबून उचला आणि खाली उमटणारा रंग पाहा. जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा आला, तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर रक्तातील पित्त मेंदूपर्यंत पोहोचण्याची भीती असते. तसे झाले तर कायमचा बहिरेपणा किंवा मेंदूचा पक्षाघात होऊ शकतो. त्यावरचा उपाय म्हणजे निळ्या उजेडाखाली काही दिवस ठेवणे, ज्याला आपण "काचेत ठेवणे" म्हणतो. दुसरी गोष्ट शीच्या रंगाची. दोन आठवडे उलटूनही कावीळ हटत नसेल, लघवी गडद पिवळी आणि शी खडूसारखी पांढरट होत असेल, तर पित्ताची नळी बंद असण्याची शक्यता असते. त्यावर शस्त्रक्रिया आहे, पण ती बाळ दोन महिन्यांचे होण्याच्या आत झाली तरच तिचा पुरेसा उपयोग होतो. या काळात तीन पौर्णिमा उतारा करून पाहू, असे कोणी म्हणाले तर गणित सरळ आहे: दोन महिने तिथेच संपतात.

कौल आणि गाऱ्हाणे

कोकणात देवाशी बोलण्याच्या दोन रीती आहेत आणि या विषयात त्यांतला फरक फार उपयोगाचा आहे. कौल लावताना आपण देवाला प्रश्न विचारतो. पाषाणावर तांदूळ किंवा कळ्या लावल्या जातात, उजवी (होकार) पडते की डावी (नकार) याची वाट पाहिली जाते, आणि मिळालेले उत्तर सगळ्या घराला बांधून ठेवते. गाऱ्हाण्यात प्रश्न नसतो. आपण काय करायला निघालो आहोत ते देवाच्या कानावर घालायचे आणि पाठीशी उभे राहा म्हणायचे. जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हटले की ते पुरे होते.

मुलाच्या आजारात कौल लावू नये, गाऱ्हाणे घालावे. "दवाखान्यात न्यावे की नेऊ नये" हा प्रश्न देवाला विचारणे म्हणजे, कळी पडेपर्यंत मुलाला तिष्ठत ठेवणे आणि डावी पडली तर घरात असा पेच निर्माण करणे, की पुढे कोणी हिमतीने उचलायला गेला तरी तो देवाच्या विरोधात गेल्यासारखा ठरावा. देवाला घाई कळते असे मी मानते. गुरवाला कळेलच असे नाही. गाऱ्हाणे मात्र रिक्षात, एसटीत, १०८च्या रुग्णवाहिकेत, कुठेही घालता येते आणि त्याला अर्धे मिनिट पुरते. जिथे कौलाची रीत नाही तिथेही हाच फरक दुसऱ्या नावाने असतोच. देवऋषीला विचारणे, पाटावर बसवणे, सुपात दाणे मोजणे हे सगळे कौलाच्या बाजूचे. मनातल्या मनात खंडोबाला हाक मारणे, दुआ मागणे, वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे बाळ वाहीन असे बोलणे हे गाऱ्हाण्याच्या बाजूचे. घरात यावर आधीच, कोणी आजारी नसताना, बोलून ठेवावे, हे उत्तम.

अंगारा, तीर्थ, धुरी

विधी होणारच असतील तर ते कोठे चालतील आणि कोठे नाही, हे माहीत असावे. अंगारा कपाळावर लावल्याने काही बिघडत नाही. तोच बेंबीच्या ओल्या नाळेवर लावला तर राखेतून आणि मातीतून जंतू थेट बाळाच्या शरीरात शिरतात, आणि धनुर्वात हा त्यांतला सर्वांत भयंकर. नाळ कोरडी आणि उघडी ठेवावी, तिच्यावर काहीच लावू नये. तीर्थ, दम केलेले पाणी, मधाचे बोट, घुटी यांतले काहीही सहा महिन्यांच्या आत बाळाच्या तोंडात जाऊ नये, आणि मध तर वर्षाच्या आत नकोच. आजीचे मन मोडू नये म्हणून मी एक तोड सुचवत आले: तीर्थ आईने घ्यावे, बाळ आईच्याच अंगावर पिते.

दृष्ट काढायला हरकत नाही, पण मीठ-मोहरी-मिरच्या उतरवून त्या विस्तवावर टाकायच्या असतील तर अंगणात टाकाव्यात. ज्या बाळाला आधीच धाप लागली आहे त्याच्या खोलीत मिरचीचा ठसका उठवणे, किंवा शेक-शेगडीची धुरी देताना दारे-खिडक्या लावून घेणे, हे त्याच्या छातीवर बसण्यासारखे आहे. गंडा बांधायचा तर सैल, एक बोट सहज आत जाईल असा, आणि गळ्यात तर मुळीच नको, कारण झोपेत तो आवळला जाऊ शकतो. उपवास मोठ्या माणसांनी करावेत. अंगावर पाजणाऱ्या आईने मुलासाठी निर्जळी धरणे हा मुलाच्याच ताटातला घास काढणे आहे. आजारी मुलाचे जेवण तोडणेही चुकीचे आहे. जुलाब होत असताना "पोटाला विसावा" म्हणून पाणी बंद केलेली मुले सुकून येत. त्यांना उलट ओआरएसचे पाणी चमच्याचमच्याने सतत द्यायचे असते, आईचे दूध चालू ठेवायचे असते आणि सोबत १४ दिवस जस्ताची गोळी असते.

एका प्रकाराला मात्र कोणतीही तडजोड नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या किंवा धाप लागलेल्या बाळाला डंबा देतात, म्हणजे तापलेल्या विळ्याने किंवा लोखंडाने पोटावर चटके देतात. २०२५च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यात अवघ्या २२ दिवसांच्या बाळाला असे ६५ चटके दिल्याची घटना उघडकीस आली. राज्याच्या इतर भागांतही काविळीसाठी हातावर किंवा पोटावर डागणारे आहेत. आमच्या विभागात आलेल्या एका बाळाच्या पोटावर बेंबीभोवती गव्हाच्या दाण्याएवढे काळे डाग दोन ओळींत होते, त्यांवर हळद थापलेली होती, आणि हळदीखाली पू झाला होता. मूळ आजार न्यूमोनियाचा होता, तो काही दिवसांच्या इंजेक्शनांनी आटोक्यात आला. भाजल्याच्या जखमांमधून रक्तात गेलेल्या जंतूंशी आम्हाला त्याहून अधिक दिवस झगडावे लागले.

गुण येतो तो कशाने?

"मग इतक्या लोकांना गुण कसा येतो?" हा प्रश्न आज्या विचारतात आणि तो रास्त आहे. त्याला हसून टाळणे हा आमच्यासारख्यांचा उद्धटपणा आहे; त्याचे उत्तर द्यावे. पुष्कळ दुखणी आपल्या मुदतीने येतात आणि मुदतीने जातात. मोठ्या मुलांना दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात गळ्यात माळ घातली असेल तर श्रेय माळेला जाते. तापात येणारी फीट, जी साधारण सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत दिसते, बहुधा पाच मिनिटांच्या आत थांबते. तेवढ्यात कोणी कांदा फोडून नाकाशी धरला असेल तर पुढच्या सात पिढ्या कांदा धरतात. खरे तर त्या वेळी मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा पहिल्यांदाच आली असेल, तर दवाखाना.

सापाचेही असेच. आपल्या आसपासचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. मांत्रिकाची कीर्ती या दोन गोष्टींवर उभी असते. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांनी खरेच विष टोचले की मंत्राचा उपयोग नसतो, उपाय एकच, सर्पविषावरची लस, आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले मूल पहाटे पोटात कळा येतात म्हणून उठले, थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या आणि आवाज घोगरा झाला, तर मण्यारीचा दंश मनात आणावा. मण्यारीच्या दंशाला सूज नसते, दुखत नाही, खूणही अनेकदा सापडत नाही; म्हणूनच अशी मुले "बाहेरचे झाले" म्हणून देवऋषीकडे जातात आणि श्वासाचे स्नायू थकेपर्यंत तिथेच बसतात.

लाल विंचवाची कथा आपल्या कोकणचीच आहे. विंचू उतरवणारे गावोगाव होते आणि तरीही घाम फुटून, हातपाय गार पडून, छातीत पाणी होऊन मुले जात. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी या दंशावर वापरून दाखवली आणि दगावणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. मात्र ही गोळीही लवकर मिळाली तरच. विंचू उतरवायला गेलेले तीन तास तिच्याही हातात नसतात.

घरातल्या मोठ्यांशी बोलताना

अंधश्रद्धा हा शब्द आजारी मुलाच्या उशाशी उच्चारू नये. तो भाषणात शोभतो. रात्री अकरा वाजता, ताप चढलेला असताना, तो सासूच्या आयुष्यभराच्या समजुतीचा अपमान ठरतो आणि मग भांडण मुलाबद्दल न राहता मानाबद्दल होते. "आई, तुम्ही देवापाशी दिवा लावा, मी पिशवी भरते, आणि तुम्हीही सोबत चला," हे वाक्य शंभर युक्तिवादांपेक्षा जास्त कामी येते, कारण त्यात सासूबाईंना काम आहे, मान आहे, आणि निघण्याचा निर्णय मात्र न विचारता झालेला आहे. परवानगी मागू नये, मदत मागावी. नवऱ्याने बोलायचे की सुनेने, हे घरोघरी वेगळे. पण बोलणारा एकच असावा आणि त्याने आवाज चढवू नये.

जुन्या पिढीला पटणारा एक दाखला आपल्या भाषेतच आहे. गोवर-कांजिण्यांच्या वेळी "देवी आल्या, औषध द्यायचे नाही" असे म्हणणाऱ्यांना त्यांच्याच आईवडिलांच्या दंडावरचे देवीचे वण आठवून द्यावेत. गोवराहून वेगळ्या त्या जुन्या साथीच्या रोगालाही (स्मॉलपॉक्स) आपण देवी म्हटले, त्याच्या लसीलाही देवीच म्हटले, आणि टोचायला येणाऱ्याला देवीडॉक्टर. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली देवी टोचली गेली. १९७५ साली भारतातला शेवटचा रुग्ण आढळला आणि ८ मे १९८० रोजी हा रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले. शीतळादेवीची देवळे तरीही आहेत, त्यांत दिवे लागतात. लस टोचून घेतल्याने देवी रागावली असती तर आपण कोणी उरलो नसतो, असे एका आजीनेच मला सांगितले होते. गोवर झालेल्या मुलाच्या उशाशी कडुनिंबाचा पाला जरूर ठेवा. पण त्याला लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाचे डोस द्यायचे असतात, आणि गोवरानंतर छाती भरली किंवा डोळ्यांत पांढरेपणा दिसला तर थांबायचे नसते.

गावात भगत, भूमका (मेळघाटातला देवऋषी), पुजारी किंवा मौलवी यांचा शब्द चालत असेल, तर त्यांच्याशी वैर धरण्याऐवजी त्यांना बरोबर घेण्याचा प्रयत्न करावा. पोलिओच्या वेळी उत्तर प्रदेशात मशिदींतून आवाहने झाली तेव्हाच बंद दारे उघडली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या शोधग्राममध्ये तर आदिवासींच्या इच्छेने रुग्णालयाला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले, आणि देवीच्या आवारात औषध घेताना कोणाला संकोच वाटेनासा झाला. आमच्या भागातल्या एका भगताला आशाताईंनी श्वास मोजायला शिकवले होते. तो नारळ फोडायचा, मग पोटाकडे पाहायचा, आणि "हे माझ्या हातचे नाही, हिला तालुक्याला न्या, तिकडे देवाने हुकूम दिला आहे," असे सांगायचा. या हुकमामागे काय आहे, हे आशाताईंनी कधी कोणाला सांगितले नाही, आणि त्यांचे बरोबरच होते.

दवाखान्यात गेल्यावर

डॉक्टरांपासून काही लपवू नये. झाडपाला, मुळी, डोळ्यांत घातलेला रस, चाटवलेले भस्म, जे काही दिले असेल ते किती आणि केव्हा दिले, हे सांगावे. काही भस्मांत शिसे किंवा पारा असू शकतो आणि त्याचा परिणाम मूळ आजारासारखाच दिसतो. ही माहिती नसेल तर डॉक्टर चुकीच्या दिशेने शोधत राहतात. कोणी रागावलेच तर रागावू द्यावे, पण सांगावे.

प्रार्थनेसाठी जागा मागायला लाजू नये. अतिदक्षता विभागात उदबत्ती आणि दिवा चालत नाही, कारण तिथे प्राणवायूच्या नळ्या असतात. पण उशाशी देवाचे चित्र, कानाशी हळू म्हटलेले स्तोत्र किंवा रामरक्षा, शेजारी बसून ओढलेली तसबीह यांना बहुतेक ठिकाणी आडकाठी नसते. आईचा ओळखीचा आवाज ऐकून बाळाचे रडे थांबते, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

सर्वांत नाजूक वेळ तिसऱ्या दिवशी येते. ताप उतरलेला नसतो, खर्च वाढलेला असतो, गावाकडून फोन येतात की अमुक ठिकाणी नेलेत तर एका फेरीत गुण येईल. मग घरचे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून मूल नेतात. आमच्या बोलीत त्याला "डामा घेणे" म्हणतात. त्या कागदावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: आजार नेमका काय आहे, उपचार किती दिवसांचे आहेत, आणि आज नेले तर काय होऊ शकते. उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारा, तो तुमचा हक्क आहे. खर्चाचा प्रश्न असेल तर तोही उघड बोला; वर्षाच्या आतील आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात औषधोपचार आणि वाहन मोफत आहे. देवस्थानी जायचेच असेल तर घरातला एकजण जाईल, मूल खाटेवरच राहील. नारळ फोडायला मुलाची उपस्थिती लागते, असा नियम मी कोणत्याही देवळात वाचलेला नाही.

फीट येणारी, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार असलेली मुले वर्षानुवर्षे औषधावर असतात, आणि इतका लांब पल्ला गाठायला कुटुंबाला देवाचा आधार लागतो, तो घ्यावा. धोका जत्रेनंतर येतो. यात्रेला जाऊन आले, महिनाभर फीट आली नाही, म्हणून गोळी बंद केली, आणि पाचव्या आठवड्यात मूल विहिरीच्या काठावर पडले, असे घडते. फिटांच्या अनेक मुलांची गोळी फीट न येता दोन वर्षे गेल्यावर डॉक्टर हळूहळू कमी करतात. तेवढे थांबावे, आणि नवस बोलायचाच तर दोन वर्षे एकही गोळी चुकू न देण्याचा बोलावा.

घरचे ऐकतच नसतील तर

बोलून पाहिले, विनवून पाहिले, तरी मूल अडवून ठेवले आहे, अशी वेळ येते. तेव्हा प्रथम गावच्या आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला बोलवा. बाहेरची बाई दारात उभी राहिली की घरातला आवाज उतरतो. १०८ला फोन कोणीही करू शकते, त्यासाठी कर्त्या पुरुषाची संमती लागत नाही. आरोग्याचा सल्ला हवा असेल तर १०४, आणि मुलावर अत्याचार होत असेल तर १०९८.

कायदाही माहीत असावा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर राज्याने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, मिरचीची धुरी देणे, तापलेल्या वस्तूने चटके देणे, तसेच साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हे त्यात गुन्हे आहेत, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पाच ते पन्नास हजार रुपये दंड अशी आहे. पूजा, नवस, वारी, प्रदक्षिणा, कीर्तन यांना हा कायदा हात लावत नाही, हे घरच्यांना मुद्दाम सांगावे, कारण नेमका उलटा गैरसमज पसरवलेला आहे. तरी पोलिसांचे नाव घेण्याची वेळ शक्यतो मांत्रिकापुरतीच यावी. आजी-आजोबांना धमकावून आणलेले मूल पुढच्या खेपेला लपवले जाते.

मूल बरे होऊन घरी आले की नवस फेडायचा असतो. तो अवश्य फेडावा, पण डॉक्टरांनी दिलेल्या पुढच्या तपासणीच्या तारखेनंतरचा दिवस धरावा, राहिलेली लस आधी टोचून घ्यावी, आणि तान्हे बाळ असेल तर जत्रेच्या गर्दीऐवजी आठवड्यातला साधा वार निवडावा. पिशवीत नारळ, ओटीचे सामान आणि डिस्चार्ज कार्ड एकत्रच ठेवावे. वाटेत पुन्हा धाप लागली, तर जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर आधी ते कार्डच मागतील.